जॉन स्मिथ नावाचा एक नागपूरकर

लंडनला आलात आणि लंडन आयच्या रांगेत उभं राहायची वेळ आली, तर घरातल्या एकाला रांगेत ठेवा आणि पाच मिनिटं मागच्या बागेत जाऊन या. ज्युबिली गार्डन्स नावाच्या या हिरवळीवर एक काळपट ब्राँझचं शिल्प आहे. एकमेकांना सावरून धरणारी काही माणसं आहेत त्यात. १९८५ साली ते उभारलं गेलं. त्याच्याभोवती मुलं खेळतात, पर्यटक सँडविच खातात. क्वचितच कोणी वाकून खालचा मजकूर वाचतं. स्पेनच्या यादवी युद्धात लढायला ब्रिटनहून गेलेल्या स्वयंसेवकांचं हे स्मारक. दोन हजारांहून जास्त लोक इथून गेले, त्यातले पाचशेच्या वर परत आले नाहीत.

पाहुण्यांना मी हे शिल्प दाखवते तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की या स्वयंसेवकांत एक नागपूरकर होता. सैन्यात त्याचं नाव जॉन स्मिथ. घरचं नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. ओळखीचे लोक त्यांना बाळाजी म्हणत.

हुद्दारांकडे येण्याआधी ते ज्या युद्धात गेले त्याची थोडी ओळख हवी. जुलै १९३६ मध्ये स्पेनच्या लोकनियुक्त सरकारविरुद्ध सैन्यातल्या सेनापतींनी बंड केलं. त्याची सुरुवात स्पेनच्या ताब्यातल्या मोरोक्कोत झाली आणि लवकरच त्याचं नेतृत्व जनरल फ्रँको यांच्याकडे आलं. हिटलर आणि मुसोलिनी यांनी फ्रँकोला विमानं, तोफा आणि माणसं दिली. ब्रिटन आणि फ्रान्सने मात्र 'आपण यात पडायचं नाही' असा करार घडवून आणला. त्यासाठी लंडनमध्ये एक समितीही बसली. जर्मनी आणि इटली या समितीचे सभासद होते आणि समितीच्या बैठकांना हजर राहून स्पेनमध्ये बाँब टाकत होते. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका गाव जाळलं गेलं ते याच काळात.

सरकारं हात बांधून बसली तेव्हा माणसं निघाली. कम्युनिस्ट इंटरनॅशनलने १९३६ च्या सप्टेंबरमध्ये परदेशी स्वयंसेवकांच्या तुकड्या उभारायचं ठरवलं आणि ऑक्टोबरपासून अल्बासेते या गावात त्यांचा तळ सुरू झाला. पुढच्या दोन वर्षांत पन्नासहून अधिक देशांतले सुमारे ३५ हजार लोक या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये आले. कवी आणि लेखक त्यात होते म्हणून त्यांची नावं आपल्याला ठाऊक असतात. पण बहुतेक जण खाणकामगार, गोदी कामगार, शिंपी, खलाशी आणि बेकार तरुण होते. हिटलर आणि मुसोलिनी यांच्या तावडीतून निसटलेले जर्मन आणि इटालियन होते. पोलंड आणि पूर्व युरोपातले ज्यू होते. घरच्या लढाईत हरलेले लोक दुसऱ्याच्या अंगणात तीच लढाई पुन्हा लढायला आले होते.

ब्रिटनमधून जाणं सोपं नव्हतं. जानेवारी १९३७ मध्ये सरकारने १८७० चा एक जुना कायदा उकरून काढला आणि स्पेनमध्ये लढायला जाणं हा गुन्हा असल्याचं जाहीर केलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. मग लोकांनी वाट शोधली. शनिवार-रविवारची पॅरिसची सहल म्हणून स्वस्तातलं तिकीट मिळे आणि त्याला पासपोर्ट लागत नसे. पॅरिसला उतरायचं, तिथून दक्षिणेला जायचं, आणि रात्रीच्या अंधारात दोरीच्या तळव्याच्या चपला घालून पिरनीज पर्वत चालत ओलांडायचा. सिगारेट पेटवायची नाही, बोलायचं नाही, पुढच्याच्या पाठीकडे बघत चालायचं. पहाट झाली की खाली स्पेन.

या ब्रिटिश बटालियनचं अधिकृत नाव होतं साकलातवाला बटालियन. हे नाव वाचून दचकलात ना? शापुरजी साकलातवाला मुंबईत जन्मलेले पारशी. त्यांची आई जमशेटजी टाटांची बहीण. टाटांच्या कामासाठी ते इंग्लंडला आले, इथे डाव्या चळवळीत गेले आणि लंडनच्या बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातून कम्युनिस्ट खासदार म्हणून निवडून आले. युद्ध सुरू व्हायच्या काही महिने आधी, जानेवारी १९३६ मध्ये ते वारले. त्यांचं नाव बटालियनला दिलं खरं, पण ते ब्रिटिश जिभेवर बसलं नाही. सगळे नुसतं 'ब्रिटिश बटालियन' म्हणत राहिले. फेब्रुवारी १९३७ मध्ये हरामा नदीकाठी ही बटालियन पहिल्यांदा लढाईत उतरली तेव्हा सुमारे सहाशे माणसं होती. तीन दिवसांनी निम्मीही उभी नव्हती.

आता हुद्दार. नागपूरच्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघात ते अगदी सुरुवातीपासूनचे. १९२९ च्या नोव्हेंबरात डॉ. हेडगेवार यांच्याकडे सरसंघचालकपद आलं, तेव्हा सरकार्यवाह म्हणून नेमले गेलेले हुद्दार. संघाचे पहिले सरकार्यवाह. पण त्यांना शाखेपेक्षा थेट लढ्याची ओढ जास्त असावी. १९३१ मध्ये बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि तुरुंगवास घडला. सुटून आल्यावर १९३६ मध्ये ते पत्रकारितेचं शिक्षण घ्यायला लंडनला आले.

त्या वेळच्या लंडनची कल्पना करा. कृष्ण मेनन यांची इंडिया लीग सभा भरवते आहे. हिंदी विद्यार्थी स्पेनसाठी पैसे गोळा करताहेत. जून १९३८ मध्ये नेहरू स्वतः मेनन यांच्याबरोबर बार्सिलोनाला जाऊन आले. फॅसिझम आणि साम्राज्यवाद ही एकाच झाडाची फळं आहेत, हे तेव्हा नेहरू सगळीकडे सांगत होते. हे आपल्याला आज पुस्तकी वाटेल. पण इंग्रजांच्या तुरुंगातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला ते पुस्तकी वाटलं नसणार. घरी असलेली गुलामी आणि दारात उभी असलेली गुलामी यांतला फरक त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९३७ मध्ये हुद्दार ब्रिगेडमध्ये भरती झाले. जॉन स्मिथ झाले. क्षणभर थांबून बघा, काय विलक्षण गोष्ट आहे ही. राजाच्या सरकारने ज्याला आत टाकलं, तो राजाच्याच प्रजाजनांबरोबर 'ब्रिटिश' बटालियनमध्ये खांद्याला खांदा लावून उभा आहे. बटालियनला नाव एका मुंबईकराचं. नागपुरात ज्या शब्दाने त्याची ओळख होती तोच शब्द त्याला इथेही लागू होता. स्वयंसेवक.

मार्च १९३८ मध्ये फ्रँकोच्या सैन्याने आरागॉनच्या आघाडीवर मुसंडी मारली. प्रजासत्ताकाचं सैन्य मागे हटता हटता विस्कटलं. एप्रिलच्या सुरुवातीला गांदेसा गावाजवळ हुद्दार पकडले गेले. तोवर पकडलेल्या परदेशी स्वयंसेवकांना बऱ्याचदा जागच्या जागी गोळ्या घातल्या जात. पण इटलीचे सैनिकही प्रजासत्ताकाच्या कैदेत होते आणि अदलाबदलीसाठी माल हवा होता. म्हणून बरेच जण वाचले. हुद्दार आणि त्यांचे सोबती बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात पोचले. तिथे शेकडो परदेशी कैदी कोंबलेले होते. उवा, उपासमार, काठीचे फटके आणि रोजची सक्तीची फॅसिस्ट सलामी. फ्रँकोच्या सैन्यातला एक मनोविकारतज्ज्ञ तिथे कैद्यांची डोकी मोजायला आणि प्रश्नावल्या भरून घ्यायला माणसं पाठवत असे. मार्क्सवाद हा मनाचा किंवा रक्ताचा दोष आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं.

आणि कैदी काय करत होते? वर्ग भरवत होते. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. गणित, भाषा, इतिहास. हाताने लिहिलेलं एक वार्तापत्र गुपचूप फिरत होतं. बुद्धिबळाच्या सोंगट्या साबणाच्या किंवा पावाच्या करत. राजकीय तुरुंगातून आलेल्या हिंदी माणसाला हे सगळं ओळखीचं वाटलं असेल. आपल्याकडेही तुरुंगातच अनेकांचं शिक्षण पुरं झालं.

१९३८ संपता संपता हुद्दार सुटून लंडनला आले. इथल्या हिंदी लोकांनी त्यांचा सत्कार केला. मग ते भारतात परतले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९८१ पर्यंत ते जगले. तरीही नागपूरच्या माणसाला विचारा, दहातल्या नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसतं. मला वाटतं याचं कारण सरळ आहे. एका बाजूला त्यांच्या आयुष्यातलं स्पेन अवघड वाटतं, दुसऱ्या बाजूला त्यांच्या आयुष्यातला संघ. कोणत्याही कपाटात हे पुस्तक नीट बसत नाही, म्हणून ते बाहेरच राहून गेलं.

इथे थांबलं तर ही एक सुंदर गोष्ट होईल. पण इतिहास वाचायचा तर नाण्याची दुसरी बाजूही बघावी लागते.

फ्रँकोच्या बाजूनेही परदेशी लढत होते, आणि ते ब्रिगेडच्या कितीतरी पट होते. मुसोलिनीने सुमारे ७५ हजार माणसं पाठवली. त्या सैन्याचं नाव काय ठेवलं होतं माहीत आहे? 'स्वयंसेवक सैन्यदल'. त्यात काही खरोखर हौसेने आले होते. पण अनेकांना भाकरीची निकड होती, आणि हुकूम हा हुकूम असतो. त्याशिवाय हजारो मोरोक्कन शिपाई. त्यांचा आकडा काही अभ्यासक ८० हजारांपर्यंत नेतात. रिफच्या डोंगरांत दुष्काळ होता. भरती झालात तर पगार आगाऊ, घरच्यांना धान्य आणि तेल. अवघ्या दहा-पंधरा वर्षांपूर्वी याच रिफमध्ये अब्द अल-करीमच्या नेतृत्वाखाली लोक स्पेनविरुद्ध लढले होते आणि स्पेनने त्यांच्यावर विषारी वायू सोडला होता. ज्यांच्या गावांवर तो वायू पडला त्यांचीच मुलं आता त्याच सेनापतींसाठी मरायला निघाली. प्रजासत्ताक सरकारला हे थांबवता आलं असतं का? मोरोक्कोच्या राष्ट्रवाद्यांनी स्वातंत्र्याचा शब्द मागितला होता. पण आपल्या मोरोक्कोवर परिणाम होईल म्हणून फ्रान्स बिथरेल, या भीतीने प्रजासत्ताकाने तो दिला नाही. लोकशाहीसाठी लढणाऱ्यांनाही वसाहत सोडवत नव्हती.

मोरोक्कोच्या या शिपायांबद्दल वाचताना आपल्याला दूर कुठे जायची गरज नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सैन्याचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यात महिनोन्‌महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी हे सैन्य तुर्कांना शरण गेलं. त्यानंतर वाळवंटातून कैद्यांची जी पायपीट झाली त्यात किती जण वाटेत पडले! ही माणसं सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची. कोणी जबरदस्तीने उचलून नेलं नव्हतं. कागदोपत्री ते स्वेच्छेने भरती झाले होते. पण एका एकराचे चार तुकडे झालेले असताना स्वेच्छा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न कागदावर विचारलेला नसतो.

बसऱ्याला या युद्धाचं एक मोठं स्मारक आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या, पण थडगं नसलेल्या सुमारे ४० हजार जणांचं. ब्रिटिश सैनिकांची नावं त्यावर कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. पण साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली गेली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. शे-दोनशे. बस्स. दुसऱ्याच्या युद्धात मेलं की असंही होतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी सेनेला तर 'जगातली सर्वांत मोठी स्वयंसेवी सेना' म्हणतात. २५ लाख माणसं. त्यातले यशवंत घाडगे कोकणातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले, ती जिंकली आणि तिथेच गोळी लागून मेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. मुसोलिनीच्या देशात, फॅसिझमविरुद्ध, एक मराठी माणूस. सहा वर्षांपूर्वी हुद्दार ज्या शत्रूशी लढले तोच हा शत्रू. एकाला बेकायदा ठरवलं होतं, दुसऱ्याला बिल्ला दिला. घाडग्यांचं शौर्य हुद्दारांपेक्षा तसूभरही कमी नाही. कोण कोणत्या कारणाने गेला यावरून मरणाची प्रतवारी लावू नये, हे मला पटतं. पण कोणी कोणाला कोणत्या कारणाने पाठवलं, हा हिशेब मात्र मागायला हवा.

आणि हा हिशेब ब्रिगेडलाही चुकत नाही. जे स्वेच्छेने आले त्यांना स्वेच्छेने परत जाता येत नव्हतं. किती महिने लढायचं याची मुदत बहुतेकांना सांगितलेलीच नव्हती. अल्बासेतेचा प्रमुख आंद्रे मार्ती याला जिकडेतिकडे हेर दिसत. घरी जाऊ द्या म्हणणाऱ्यांना डांबलं जाई, पळून जाणाऱ्या काहींना गोळ्याही घातल्या गेल्या. मॉस्कोचं राजकारण खंदकापर्यंत पोचलेलं होतं. उद्देश उदात्त असला तरी युद्धाचं दार एकाच बाजूने उघडतं. आत जाताना कडी आपल्या हातात असते. बाहेर येताना ती दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात असते.

सप्टेंबर १९३८ मध्ये स्पेनच्या सरकारने परदेशी स्वयंसेवक परत पाठवत असल्याचं जाहीर केलं. समोरच्यांनीही पाठवावेत ही आशा. तसं घडलं नाही. २८ ऑक्टोबरला बार्सिलोनात निरोपाचं संचलन झालं, रस्त्यावर फुलांचा खच पडला. पुढच्या वसंतात फ्रँको जिंकला. जर्मन आणि इटालियन स्वयंसेवकांना तर परत जायला देशच नव्हता.

त्याच १९३८ मध्ये, १ सप्टेंबरला, मुंबई बंदरातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला निघालं. त्यातले द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे आणि डॉ. चोळकर हुद्दारांच्याच नागपूरचे. पथकाचे प्रमुख डॉ. अटल स्पेनमध्ये काम करून आले होते. चीनमध्ये कोटणीसांनी ज्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली त्याला नाव होतं नॉर्मन बेथ्यून यांचं, आणि बेथ्यूनही स्पेनच्या आघाडीवर रक्तपेढी चालवून आलेले. १९४२ मध्ये कोटणीस तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. व्ही. शांतारामांनी सिनेमा काढला म्हणून ते आपल्या घरात राहिले. हुद्दारांवर कोणी सिनेमा काढला नाही.

हे सगळं आज का सांगतेय? कारण 'दुसऱ्याच्या युद्धात' जाणं इतिहासजमा झालेलं नाही. २०२४ पासून आपण बातम्या वाचतो आहोत. रशियात मदतनीसाचं काम आहे, पगार चांगला आहे, असं सांगून एजंटांनी भारतातली तरुण मुलं नेली आणि ती युक्रेनच्या आघाडीवर पोचली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार रशियन सैन्यात गेलेल्या १२६ भारतीयांपैकी १२ जण मरण पावले होते आणि १६ जणांचा पत्ता नव्हता. त्यांनीही करारावर सही केलीच होती. न येणाऱ्या भाषेतल्या करारावर. कागदावर तेही स्वेच्छेने आलेले.

आपण परदेशात राहणारी माणसं. परक्या भाषेतल्या करारांवर सह्या करूनच आपल्यापैकी बहुतेक जण इथे पोचलो. आपल्या सह्या सुखरूप निघाल्या, इतकंच. म्हणून गावाकडून एखाद्या भाच्याचा किंवा शेजाऱ्याच्या मुलाचा फोन आला की "काका, एजंट म्हणतोय तिकडे मोठी संधी आहे, जाऊ का?", तर 'तुझं तू बघ' म्हणून सोडून देऊ नका. कंपनीचं नाव विचारा. कराराची प्रत मागवा. भाषा येणाऱ्या कोणाकडून तरी ती वाचून घ्या. परत यायचं दार कोणाच्या हातात आहे, एवढं विचारायला त्याला नक्की शिकवा.

आणि लंडनला आलात तर त्या बागेत जाच. स्पेनने १९९६ मध्ये हयात असलेल्या ब्रिगेडच्या स्वयंसेवकांना नागरिकत्व देऊ केलं, तेव्हा हुद्दार जाऊन पंधरा वर्षं झाली होती. शिल्पाजवळ कोणी तरी अधूनमधून फुलं ठेवून जातं. तुमच्याकडे फुलं नसली तरी चालेल. सोबतच्या मुलांना फक्त एवढं सांगा की यातला एक जॉन स्मिथ आपल्या नागपूरचा होता.